नीलाचा होला आणि एकच खिळा

मुक्ताचा मेसेज आला तेव्हा मी सुरमई साफ करत होते. फोन ओट्यावर आणि हात माशाने माखलेले, म्हणून कोपरानेच स्क्रीन सरकवला. "मावशी, आई गेली. सकाळी. बाबा ओके. तू ये." एवढंच. हल्लीच्या मुली मरणाची बातमीसुद्धा बस चुकल्याचं कळवावं तशी देतात, असं वाटून मला क्षणभर तिचा रागच आला... नंतर कळलं, एवढंसं लिहायला ती कितीतरी वेळ बाल्कनीत उभी होती. मी हात धुतले, गॅस बंद केला आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून राहिले. आणि खरं सांगते, मनात पहिल्यांदा आलं ते रडू नव्हतं. पहिल्यांदा आलं ते हे, की खिळ्याची सावली राहिली का हिची?

हे असं का, ते सांगायला हवं. मुक्ताची आई नीला, माझी मैत्रीण, गेले काही महिने एकच चित्र रंगवत होती. एका मेलेल्या होल्याचं. होला म्हणजे कबुतराहून लहान, मानेवर काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा पट्टा असलेला तो आपला साधा पक्षी. पुण्यात दिसतो तसा इथे सिंगापूरलाही झाडाझाडावर दिसतो. चित्रात तो एका पायाला दोरा बांधून खिळ्याला उलटा टांगलेला, आणि मागे नुसती पांढरी भिंत. पक्षी पुरा झाला होता, दोरा झाला होता, खिळाही झाला होता. राहिली होती ती खिळ्याची भिंतीवर पडलेली सावली, आणि ती काढण्याइतकी ताकद तिच्या मनगटात उरली नव्हती. हे चित्र बिशानच्या त्यांच्या घरात जेवणाच्या टेबलासमोरच्या भिंतीवर लागावं, एवढंच तिचं मागणं होतं. आणि तिच्या नवऱ्याने, शिरीषने, एरवी तिचा शब्द खाली न पडू देणाऱ्या माणसाने, ते साफ नाकारलं होतं.

नीला आणि मी जुरोंग ईस्टच्या एका ऑफिसात शेजारी शेजारी बसायचो. दोघी टेस्टर. म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या आणि त्यांच्या पदरात घालायच्या. मी ते नोकरी म्हणून करायचे, नीला आवडीने करायची. हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या स्टॉलच्या पाटीवरचं चुकलेलं स्पेलिंग, माझ्या कुर्त्याची उलटी बसलेली बाही, लिफ्टच्या आरशातला बारीक तडा, तिच्या नजरेतून काही म्हणून सुटायचं नाही. "तुला कुणाचं काही चांगलं दिसतं का गं?" असं मी एकदा वैतागून विचारलं, तर शांतपणे म्हणाली, "दिसतं की. तपासून झाल्यावर." सदाशिव पेठेतली, घरात अंड्याचं टरफलसुद्धा कधी न आलेली. मी मालवणची. माझ्या डब्यात बांगडा असला की ती खुर्ची जराशी मागे घ्यायची, पण उठून मात्र कधी गेली नाही. उलट एकदा म्हणाली, "वास सोडला तर दिसायला काय देखणा असतो गं हा मासा! पाठीवरच्या रेघा बघ." मी बांगडा इतकी वर्षं खाते आहे, त्याच्या पाठीवरच्या रेघा त्या दिवशी पहिल्यांदा पाहिल्या.

दोन हजार तेराच्या आसपास कंपनीने तिला एका कामासाठी काही महिने हॉलंडला पाठवलं. एका रविवारी बाकीची मंडळी ट्युलिप बघायला गेली. हिला सर्दी झालेली आणि बाहेर पाऊस, म्हणून आत उबदार असतं एवढ्याच कारणाने ही एका संग्रहालयात शिरली. तिथे एका लहानशा जुन्या चित्रापाशी ती अडकली. चित्रात एक तित्तिर खिळ्याला टांगलेला. "आधी शिसारीच आली," ती सांगायची. "म्हटलं, हे काय, खाटकाचं दुकान? आणि मग तो खिळा दिसला. अगं, मला वाटलं, चित्र ज्या भिंतीवर लावलंय त्या भिंतीचाच खिळा चित्र फाडून बाहेर आलाय! इतक्या मोठ्या संग्रहालयात एवढी ढोबळ चूक, आणि कुणाच्या लक्षात नाही? म्हणून मी बोट लावून बघायला गेले..." तोवर तिथला रखवालदार धावत आला. सगळ्यांसमोर चांगलाच ओरडा बसला. खिळा चित्रातलाच होता, रंगवलेला. चूक सापडल्याच्या आनंदात आयुष्यात पहिल्यांदा ती स्वतः चुकली होती, आणि त्याचा तिला इतका आनंद झाला होता की ती गोष्ट तिने मला किती वेळा सांगितली असेल!

परत आली ती त्या पक्ष्यांचं वेड घेऊनच. जेवणाच्या सुट्टीत मला फोनवर चित्रं दाखवायची. तित्तिर, पाणलावा, बगळा, बदकं, सगळे मेलेले आणि सगळे देखणे. ही चित्रं काढली त्या काळी तिकडे शिकारीला जाण्याचा हक्क म्हणे बड्या सरदार-उमरावांनाच होता. मग पैसा आलेले व्यापारी, ज्यांना शिकार करता यायची नाही, ते शिकारीची चित्रं घरात टांगायचे. "म्हणजे आपल्यासारखेच की," मी म्हटलं, "आपल्याला घर घेता येत नाही, आपण घरांच्या जाहिराती बघतो." ती हसली, पण लगेच गंभीर होऊन म्हणाली, "पण उज्ज्वला, त्या चित्रकाराने एकेक पीस किती वेळ बघितलं असेल! आणि संध्याकाळी बहुतेक तोच पक्षी जेवला असेल. आधी नीट बघितला आणि मग खाल्ला. आपण भेंडीसुद्धा बघत नाही गं." त्यानंतर महिनाभर ती भेंडी चिरताना दिसली की शिरीष तिला म्हणायचा, "बघून झाली का? भूक लागलीये."

घराजवळच्या कम्युनिटी क्लबात मॅडम लिम नावाच्या बाई शनिवारी तैलरंग शिकवायच्या. नीला तिथे जाऊ लागली. बाकीच्या बायका ऑर्किडं काढायच्या. हिने पहिल्या दिवशी विचारलं, मेलेला पक्षी कसा काढायचा? मॅडम लिम चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "डेड बर्ड? व्हाय नॉट ऑर्किड? मोअर चिअरफुल, व्हॉट." पण बाई चांगल्या होत्या. त्यांनी हिला आधी लसूण काढायला लावला, मग वांगं, मग पितळेचा तांब्या. वर्ष-दीड वर्ष नीलाच्या घरचं जेवणाचं टेबल अर्धं जेवणाचं आणि अर्धं रंगांचं होतं. रंगात कालवायचं तेल जवसाचं असतं हे कळल्यावर तर ती हरखून गेली. ज्याची आपण चटणी करतो त्याच जवसाचं! सगळ्या घराला तो वास असायचा.

अडचण होती ती पक्ष्याची. फोटोवरून काढायला ती तयार नव्हती. "फोटोत दुसऱ्याने बघितलेलं असतं," म्हणे. मग मला साकडं घातलं, आणि मी तिला आमच्या बुकित बातोकच्या मासळी-मटणाच्या वेट मार्केटात घेऊन गेले. सदाशिव पेठ नाकाला रुमाल लावून त्या ओल्या फरशीवरून चालताना मी पाहिली आहे, हे माझ्या आयुष्यातल्या मोठ्या आनंदांपैकी एक! पण तिथल्या कोंबड्या सगळ्या सोललेल्या, गुळगुळीत. नीलाने कोंबडीवाल्या बाईंना पिसांसकट पक्षी मिळेल का, असं विचारलं. "फेदर? नो मोर फेदर लाह, ऑल क्लीन अल्रेडी," बाई म्हणाल्या, आणि जरा थांबून, "यू वाँट टू कुक द फेदर, आह?" त्यावर नीला अगदी प्रामाणिकपणे म्हणाली, "नो, नो, आय ॲम व्हेजिटेरियन." बाईंनी सुरा खाली ठेवला आणि पोट धरून हसल्या. आम्ही शेवटी तिथून कोथिंबीर घेऊन परतलो.

आणि मग पक्षी आपणहून आला. आमच्या ऑफिसची इमारत सगळी काचेची. एका दुपारी जेवून परतताना डोक्यावर धप्प आवाज झाला आणि आमच्या पुढ्यात एक होला पडला. काचेतलं आभाळ खरं समजून आदळला होता बिचारा. रक्ताचा थेंब नाही, फक्त मान कलंडलेली. लोक वळसा घालून जात होते. नीला खाली बसली, तळहात त्याच्यावर ठेवून थोडा वेळ तशीच राहिली. "उष्ण आहे गं अजून," म्हणाली. मग डब्यातलं पोळ्यांचं रिकामं फॉइल काढून तिने त्याला हळूच गुंडाळला. मी म्हटलं, "अगं हात नको लावू, फाइन बसेल." "कसला?" "इथे कसलाही बसतो!" पण ती ऐकणारी नव्हती. त्या संध्याकाळी तो होला बिशानच्या त्या सोवळ्या फ्रीझरमध्ये, खोवलेला नारळ आणि मोदकाचं सारण यांच्या मांडीला मांडी लावून बसला. मुक्ता म्हणाली, "आई, सो ग्रॉस लाह!" शिरीष मात्र तेव्हा हसला होता. फ्रीझर उघडला की "पाहुणे कसे आहेत?" म्हणून विचारायचा. तो तेव्हाचा शिरीष.

होळीची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. सिंगापूरमधल्या प्रत्येक मराठी घराच्या फ्रीझरमध्ये पुण्याहून आलेल्या पुरणपोळ्या फॉइलमध्ये गोठून पडलेल्या असतात. नीलाच्या आईनेही दरवर्षीप्रमाणे पाठवल्या होत्या. होळीला आमच्याकडे चार माणसं जेवायला होती, म्हणून नीलाने सकाळी ऑफिसात जाताजाता एक पुडकं माझ्या हातात दिलं. संध्याकाळी कटाची आमटी उकळतेय, तवा तापलाय, आणि माझा नवरा विजय पुडकं सोडतोय. त्याने पुडकं हळूच ओट्यावर ठेवलं. मग अत्यंत सभ्य आवाजात म्हणाला, "उज्ज्वला, ह्या पुरणपोळीला चोच आहे." मी नीलाला फोन लावला. तिचा पहिला प्रश्न, "तव्यावर नाही ना टाकलात?" आणि दुसरा, "पिसं विस्कटली नाहीत ना?" पाहुण्यांचं काय झालं, हे तिने विचारलंसुद्धा नाही. तशीच उठून एमआरटीने बिशानहून बुकित बातोकला आली, पोळ्या दिल्या आणि होला घेऊन गेली. गाडीत भीती नाही वाटली का, असं विचारलं तर म्हणाली, "पाटी वाचली की मी. ड्युरियनचं वासाचं फळ न्यायला बंदी आहे, होल्याबद्दल काही लिहिलेलं नाही."

खिळा मी आणला. ती मला म्हणाली होती, की इथल्या दुकानातले खिळे फार चकचकीत, एकसारखे. तिला हातोडीने घडवलेला, वाकड्या डोक्याचा हवा. गणपतीला मालवणला गेले तेव्हा बाजारातल्या लोहाराकडून करून घेतला. "चित्र काढायला खिळा?" असं म्हणत त्याने माझ्याकडे नीट पाहून घेतलं. आता गंमत बघा. खिळा आला, पण तो ठोकायचा कुठे? नीलाचं घर भाड्याचं. घरमालक मिस्टर गोह यांची पहिल्या दिवसापासून एकच अट, भिंतीला खिळा नाही. इतकी वर्षं त्या घरात सगळं चिकटवायच्या हुकांवर होतं. दमट हवेत ते हुक सुटायचे आणि कॅलेंडर धाडकन खाली यायचं. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटायचं काही फुटलं. मग नीलाने तो खिळा एका पांढऱ्या पुठ्ठ्यात खोचला, पुठ्ठा खुर्चीच्या पाठीला टेकवला आणि रोज सकाळी होल्याला थोडा वेळ फ्रीझरबाहेर काढून तिथे टांगून रंगवायची. तो मऊ पडायला लागला की परत आत. "ज्यांना शिकार करता येत नाही ते शिकारीचं चित्र लावतात," मी तिला चिडवलं, "आणि ज्यांना खिळा ठोकता येत नाही ते खिळ्याचं चित्र काढतात." तिला ते इतकं आवडलं की तिने ते लगेच शिरीषला फोन करून सांगितलं.

मग तिच्या पोटात गाठ निघाली, आणि ती साधी नव्हती.

शिरीष तेव्हापासून बदलला. बँकेच्या आयटीत काम करणारा, कुठल्याही गोष्टीचा मागचा-पुढचा विचार करणारा माणूस. त्याने तिची औषधं, जेवण, हॉस्पिटलच्या वेळा सगळं मनापासून सांभाळलं. पण पाहुण्यांची चौकशी बंद झाली. चित्र असलेल्या खोलीत तो बसेनासा झाला. एकदा माझ्यासमोरच नीला म्हणाली, "हे झालं की इथे लावायचं. टेबलासमोर." शिरीष ताटं मांडत होता. त्याने ताट हातातच धरून सांगितलं, "नाही. घरात मेलेला पक्षी टांगायचा नाही. बाकी काय म्हणशील ते करीन." नीला म्हणाली, "अरे, मेलेला म्हणून काय बघतोस? किती नीट बघितलेला आहे तो, ते बघ ना!" "मला नाही बघायचं," तो म्हणाला. "मला रोज जेवताना ते बघायचं नाहीये, नीला." एरवी शेवटचा शब्द तिचा असायचा, त्या दिवशी त्याचा राहिला. मी वरणाला फोडणी द्यायला म्हणून आत गेले... फोडणी मघाशीच दिलेली होती.

मला दोघांचंही पटत होतं, हीच पंचाईत. त्याला ते चित्र म्हणजे समोर येऊन ठाकलेलं मरण दिसत होतं, आणि तिला तर ती हॉस्पिटलमधून आली की तेवढंच एक काम सरळ चाललेलं दिसत होतं. मी हळूच तिला सुचवून पाहिलं, मी नेते माझ्याकडे, आमच्याकडे लावू. नीला म्हणाली, "तुझ्याकडे उजेड उजवीकडून येतो." मला वाटलं टाळते आहे. नीला कधी काही टाळण्यासाठी बोलत नसे, हे मी तेवढ्यापुरती विसरले होते.

आमची शेवटची भेट तिच्या जाण्याआधी आठवडाभर झाली. बिछाना हॉलमध्ये आणला होता. ती इतकी लहान दिसत होती की मला तिच्या हाताकडे बघवेना, म्हणून चित्राकडे बघत राहिले. मानेवरचा ठिपक्यांचा पट्टा, पोटावरचा फिकट गुलाबी रंग, एका बाजूला सुटलेला पंख... आणि खरंच, त्यात भयाण असं काही नव्हतंच. कुणीतरी एखाद्या पक्ष्याचं इतकं लाडाने करतं, तर तो मेलेला आहे हे आपण विसरून जातो. "सावली राहिली," ती म्हणाली. "सावलीवाचून तो खिळा नुसता चिकटवल्यासारखा वाटतो. ब्रश स्थिर राहत नाही गं." मी म्हटलं, मी हात धरते. तर डोळे मोठे करून म्हणाली, "तू? तुझ्या रांगोळ्या बघितल्यात मी." आम्ही दोघी हसलो. निघताना मी तिच्या कपाळावर हात ठेवला, तर म्हणाली, "बाजूला हो, उजेड अडवतेस." तेच तिचं मला शेवटचं बोलणं, आणि मला त्याचा अजिबात राग नाही.

तेरावं झालं, पाहुणे पुण्याला परतले. चित्र कुठे दिसेना. मी विचारलं नाही, पण मुक्ताने सांगितलं, की बाबांनी ते स्टोअर रूममध्ये, मोठ्या सुटकेसच्या मागे ठेवलंय. होला तिने आणि शिरीषने इमारतीमागच्या झाडाखाली पुरला होता, आई गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी. ती पोरगी, जी "सो ग्रॉस" म्हणाली होती, तिने त्याला नवं फॉइल गुंडाळलं होतं. घरी येऊन मी खूप रडले. मला नीलाची आठवण येते ती अशी भलत्याच वेळी येते. ऑफिसात कुणाचा बग सापडला की मी शेजारच्या खुर्चीकडे वळते, आणि तिथे एक भला मुलगा बसलेला असतो.

मग काही आठवड्यांनी एका शनिवारी सकाळी शिरीषचा फोन आला. विजयकडे ड्रिल आहे का? आमच्याकडे आहे, आमचं घर स्वतःचं आहे. मी आणि विजय दोघेही गेलो. शिरीष दार उघडून उभा, हातात ते चित्र. "सगळ्या भिंतींना धरून पाहिलं," तो म्हणाला. काल रात्रभर झोप आली नाही म्हणून सकाळी उठून त्याने ते बाहेर काढलं. निदान बेडरूममध्ये ठेवावं म्हणून तिथे धरलं, तर ते चुकीचं दिसलं. काय चुकतंय ते कळेना. हॉलमध्ये धरलं, तिथेही तसंच. "मग टेबलासमोर धरलं," तो म्हणाला, "आणि उज्ज्वला, ते बरोबर दिसलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून डावीकडून उजेड येतो ना सकाळी? चित्रातली सावलीही त्याच उजेडाची, उजवीकडे पडलेली. तिने ते त्या भिंतीसाठीच काढलंय. दुसरीकडे कुठे ते लागतच नाही."

सावली? मी चित्र हातात घेतलं. खिळ्याखाली खरंच सावली होती, करड्या रंगाची, खिळ्यापाशी ठळक आणि टोकाला विरत गेलेली. शेवटी कधीतरी काढली होती तर! मी शिरीषकडे पाहिलं. तो खुर्चीवर बसला आणि जमिनीकडे बघत सांगू लागला. तू येऊन गेलीस त्यानंतर दोन-तीन दिवसांनी, सकाळी ती म्हणाली, मला चित्र धरून दे, आणि माझ्या कोपराखाली तुझा हात ठेव. नाही कसं म्हणणार? एका हाताने चित्र धरलं, दुसऱ्या हातावर तिचं कोपर. "मी खिडकीबाहेर बघत होतो पूर्ण वेळ. ती म्हणाली, अरे बघ तरी, तुझ्याच हातावर चाललंय. मी नाही बघितलं. मला वाटलं, बघितलं तर ते संपेल." त्याने तोच हात गुडघ्यावर उलटा करून पाहिला. "तिने काही आग्रह नाही केला. फक्त म्हणाली, हलू नकोस. आणि मी हललो नाही, एवढं मात्र खरं."

विजय ड्रिलची वायर सोडवत बसला. शिरीष नियमाने चालणारा माणूस, त्याने सकाळीच मिस्टर गोहना मेसेज करून परवानगी मागितली होती, आणि उत्तर आलं होतं: "ओके लाह. वन नेल ओन्ली." भोक पाडून झालं, त्यात प्लास्टिकचा प्लग बसवला, पण खिळा आत ठोकायला घरात हातोडीच नाही. खिळे ठोकायचेच नाहीत अशा घरात हातोडी कशाला असेल? शेवटी शिरीषने नीलाच्या खलबत्त्यातला बत्ता आणला. खिळा तोच, मालवणच्या लोहाराचा, पुठ्ठ्यातून काढलेला. पहिले दोन घाव त्याने इतके भीतभीत घातले की विजय म्हणाला, "अरे, त्याला लागणार नाही." मग मात्र त्याने नीट ठोकला. चित्राला मुक्ताने जाड दोरा बांधून दिला, कारण आईला म्हणे तसंच हवं होतं, दोरा आणि खिळा दोन्ही दिसेल असं. चित्र लागलं. वर खरा खिळा, त्याखाली दोऱ्याला चित्र, चित्रात तसाच खिळा आणि त्याला होला. दोन्ही सावल्या एकाच बाजूला कललेल्या. आम्ही चौघांनी त्याच्यासमोर बसून पोहे खाल्ले, आणि शिरीष बघत होता.

गेल्या रविवारी मी त्यांच्याकडे पुरणपोळ्या घेऊन गेले होते. पुडकं दोनदा उघडून बघून मग नेलं. मी बसलेली असतानाच मिस्टर गोह आले, भाड्याचा करार वाढवायचा का ते विचारायला. पुण्याला परत जायचं की इथेच राहायचं, हे शिरीषचं मध्यंतरी ठरत नव्हतं. मिस्टर गोह सत्तरीचे, पांढऱ्या बनियनवर शर्टाची बटणं उघडी टाकून फिरणारे, बोलायला खडूस पण मनाने बरे. आत येताच त्यांची नजर भिंतीकडे गेली, आणि कपाळाला आठ्या पडल्या. "आय से वन नेल कॅन," ते म्हणाले. "व्हाय यू गो अँड पुट टू?"

शिरीष म्हणाला, "वन ओन्ली, अंकल."

"हाउ कॅन? आय सी टू!" मिस्टर गोह तरातरा भिंतीपाशी गेले. वरच्या खिळ्याला बोट लावलं. मग खालच्या खिळ्याकडे बोट नेलं... आणि ते बोट चित्रावर टेकलं आणि तिथेच राहिलं. मागे वळून त्यांनी आमच्याकडे पाहिलं, परत चित्राकडे पाहिलं. मुक्ता आधी हसली. मग मी. आणि मग शिरीष हसला. नीला गेल्यापासून मी त्याला असं हसताना ऐकलं नव्हतं. खुर्चीची पाठ धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मिस्टर गोहही ओशाळे हसत म्हणाले, "वाह. युअर वाइफ, आह?" शिरीषने मान हलवली. "व्हेरी गुड. डोंट टेक आउट," ते म्हणाले. आणि मग करार किती दिवसांचा, या त्यांच्या प्रश्नाला शिरीषने डोळे पुसतपुसत उत्तर दिलं, "टू इयर्स, अंकल."

ते गेल्यावर मी जवळ जाऊन पाहिलं. रंगवलेल्या खिळ्याच्या डोक्यावर मिस्टर गोहच्या बोटाचा पुसट ठसा उमटला होता. मी पदर घेऊन पुसायला पुढे झाले, तर शिरीषने माझा हात धरला. "राहू दे, उज्ज्वला," तो म्हणाला. "तिलाही असंच बोट लावायचं होतं ना."